एकवीस मे, दुसरी पाळी

वासुदेव निखाडे त्या दिवशी फॅनजवळ फिरकलाही नाही, आणि तरी चार वाजताचं रीडिंग रजिस्टरमध्ये लिहिलेलं होतं.

मी तीन वाजल्यापासून तिथंच होते. मे महिन्याची बारा तारीख, चंद्रपूर जिल्ह्यातला सिमेंटचा कारखाना, बाहेर सेहेचाळीस अंश. फॅनच्या शेडमध्ये त्याहून जास्त. हा फॅन म्हणजे आपल्या घरातला पंखा नव्हे. लोखंडी कवचात बंद केलेलं, दोन पुरुष उंचीचं चाक, मिनिटाला नऊशे फेरे घेणारं. भट्टीतली गरम हवा तो ओढून घेतो. तो थांबला की भट्टी थांबते. तो किती हवा ओढतो आणि त्यासाठी किती वीज खातो, एवढंच मी बघायची. पुण्याच्या आमच्या कंपनीने त्याच्यावर नवी यंत्रणा बसवली होती. त्याची कार्यक्षमता दर मिनिटाला माझ्या लॅपटॉपवर दिसायची. ती खरी दिसते की नाही हे तपासायला मी महिनाभर तिथे राहिले होते. सत्तावीस वर्षांची होते तेव्हा.

त्या दुपारी मी हवेच्या नळाला पाडलेल्या भोकातून नळी आत घालून वेग मोजत होते. कानात बोळे होते. दीड तासात शेडमध्ये कोणी आलं नाही, हे मी शपथेवर सांगू शकते, कारण एकच जिना होता आणि मी त्याच्या तोंडाशी बसले होते. साडेचारला मला बेअरिंगचं तापमान हवं होतं म्हणून खांबाला लटकवलेल्या पत्र्याच्या पेटीतून रजिस्टर काढलं.

बारा मे, दुसरी पाळी, चार वाजता. करंट एकशे बेचाळीस. बेअरिंग सदुसष्ट अंश. कंपन तीन पॉइंट नऊ. शेरा: ठीक. खाली सही, वा. निखाडे.

मी लॅपटॉपवर चार वाजताची नोंद काढली. एकशे बेचाळीस. सदुसष्ट. तीन पॉइंट नऊ.

वासुदेव मला प्यायच्या पाण्याच्या टाकीजवळ सापडला. बत्तीस-तेहेतीसचा, शिडशिडीत, तोंडाला दुपट्टा गुंडाळलेला. मी आले की तो नेहमी पहिल्यांदा स्वतःच्या चार वर्षांच्या मुलीचं काहीतरी सांगायचा. त्या दिवशी माझ्या हातात रजिस्टर बघून तो गप्प झाला.

"वासुदेव, चार वाजता तुम्ही वर आला नव्हता."

"नाई आलो, मॅडम."

"मग हे कसं लिहिलं?"

"म्या नाई लिहिलं. म्या सही केली फक्त."

"मग कोणी लिहिलं?"

त्याने आजूबाजूला पाहिलं. मग रजिस्टर माझ्या हातातून घेऊन तो भराभर पानं उलटू लागला. तेरा मे, भरलेलं. चौदा, भरलेलं. पंधरा, सोळा. प्रत्येक पाळी, प्रत्येक रकाना, निळ्या शाईत, जरा डावीकडे झुकलेल्या अक्षरात. फक्त सहीची जागा रिकामी.

"सिडामबाबानं," तो म्हणाला. "मार्चात रिटायर झाले. जायच्या आधी लिहून गेले."

लिंगाजी सिडाम हे नाव मी ऐकलं होतं. तीस वर्षं त्या एका फॅनची देखभाल केलेला माणूस. कारखान्यात जुन्या माणसांच्या गोष्टी चालतात तशा त्याच्याही चालायच्या: तो लोखंडी सळई कवचाला लावून दुसरं टोक कानात धरायचा, आणि मीटर न बघता आकडा सांगायचा.

"म्हणजे तुम्ही दीड महिना खोटी रीडिंग देताय," मी म्हणाले. मला रागच आला होता. "माझी सगळी तपासणी या रजिस्टरशी ताडून चाललीये!"

"मग जुळून रायलं ना तुमचं?"

जुळत होतं. एक मेपासून माझी यंत्रणा चालू होती आणि बारा दिवसांत रजिस्टरशी एवढं जुळलं होतं, की मी पुण्याला कौतुकाने कळवलं होतं: इथला माणूस फार काळजीने रीडिंग घेतो.

"पयल्या हप्त्यात म्या स्वतः घेतलं," वासुदेव म्हणाला. "मीटर पाहाचो, मंग पान पाहाचो. तेच. रोज तेच. मंग मले भेव लागलं. आता मी मीटरकडे पाहातच नाई. सही करतो अन् खाली येतो."

रात्री गेस्ट हाउसवर मी सिडामचे विजेचे आकडे आणि यंत्रणेने मोजलेली हवा धरून कार्यक्षमता काढली. त्याने तो शब्दही कधी ऐकला नसेल. एक मेला त्याच्या आकड्यांवरून सत्तर पॉइंट चार, माझ्या यंत्रावर सत्तर पॉइंट तीन. दहा मेला एकोणसत्तर पॉइंट एक, दोन्हीकडे. मी स्वतःला समजावलं. पंख्याच्या पात्यांवर धूळ बसत जाते, तो हळूहळू मंदावतो, साफ केला की पुन्हा पहिल्यासारखा होतो. तीस वर्षं तेच चढउतार पाहिलेल्या माणसाला अंदाज येणारच. एवढं मनाशी ठरवून मी झोपले.

दुसऱ्या दिवशी वासुदेवने मला चौदा तारखेचं पान दाखवलं. पहिल्या पाळीत आकडे होते. दुसऱ्या पाळीत आकडे नव्हते. एकच शब्द होता: बंद.

"उद्या बंद हाय का काही?" त्याने विचारलं.

मी तेलंग साहेबांना विचारलं. ते उत्पादन विभागाचे प्रमुख, नागपूरचे, शांत माणूस. म्हणाले, "बंद? नाही बा. पंचवीस तारखेला नियोजित शटडाऊन आहे. तोवर भट्टी थांबवायची नाही असं वरून सांगितलंय."

चौदाला दुपारी तीनपर्यंत आकाश कोरं होतं. मी शेडमध्येच होते. वासुदेव त्या दिवशी आपणहून वर आला होता. तीन वाजून वीस मिनिटांनी पश्चिमेकडून एकदम पिवळा अंधार आला, पत्रे वाजायला लागले, आणि पाच मिनिटांत कुठेतरी विजेचा मनोरा आडवा झाला. दिवे गेले. फॅनची वीज गेली.

एवढं मोठं चाक वीज गेल्यावर लगेच थांबत नाही. अर्धा तास ते नुसतं फिरत राहतं, आवाज खाली खाली उतरत जातो. गुरगुर, मग घरघर, मग कोणीतरी झोपेत श्वास घेतंय असा. मी कानातले बोळे काढले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मी त्या जागेची शांतता ऐकली. वासुदेवच्या हातात रजिस्टर होतं. त्याने चौदाच्या त्या शब्दासमोर सही केली. सही वाकडी आली.

"पुढचं पाहाचं का?" त्याने विचारलं.

आम्ही दोघांनी मिळून पुढचं पाहिलं. पंधरा ते सतरा, कंपन चारच्या आसपास. अठराला चार पॉइंट सहा. एकोणीसला पाच पॉइंट एक. वीसला पाच पॉइंट सात. शेऱ्याच्या रकान्यात आतापर्यंत सगळीकडे 'ठीक' होतं. अठराला 'जड' असं लिहिलं होतं, एकोणीसला 'जड', वीसला 'दमला'. एकवीस मे, पहिली पाळी, सकाळी आठ: सहा पॉइंट दोन. शेरा: दमला.

एकवीस मे, दुसरी पाळी: काहीच नाही. 'बंद' हा शब्दही नाही. त्यापुढची सगळी पानं कोरी.

"काऊन थांबले असतील?" वासुदेव पुटपुटला.

"विचारू त्यांनाच."

दुसऱ्या दिवशी आम्ही त्याच्या मोटारसायकलवरून खैरगुड्याला गेलो. नदीपलीकडे, कारखान्यापासून आठ किलोमीटरवर. सिडामच्या घराला कुलूप होतं. शेजारची बाई म्हणाली, बाबा पोरीकडे गेले, आसिफाबादकडं आत कुठंतरी, फोन लागत नाही, पंचवीस-सव्वीसला येतील. अंगण शेणाने सारवलेलं, त्यात भेगा पडलेल्या. आम्ही निघालो तेव्हा वासुदेवने गाडी चालू केली नाही. नुसता उभा राहिला.

"ऐकू येते का, मॅडम?"

येत होता. आठ किलोमीटरवरून, भर दुपारी, त्या अंगणात रात्रीच पुन्हा सुरू झालेल्या फॅनचा आवाज येत होता. वारा कारखान्याकडून होता, इतकंच.

अठराला सकाळी माझ्या पडद्यावर कंपन चार पॉइंट सहा झालं. एकोणीसला पाच पॉइंट एक. मी जेवण टाळायला लागले. वीसला पाच पॉइंट सात, आणि कार्यक्षमता सहासष्टवर. मी तेलंग साहेबांच्या केबिनमध्ये गेले.

"साहेब, फॅन उद्या दुपारच्या आत थांबवायला हवा."

"कंपन किती आहे?"

"पाच पॉइंट सात."

त्यांनी टेबलावरचा कागद पुढे सरकवला. माझाच होता. सातला धोक्याची घंटा, अकराला यंत्रणा आपोआप फॅन बंद करेल. खाली माझी सही आणि त्यांची.

"तुम्हीच लिहून दिलंय. सहालासुद्धा काही होत नाही, असं तुम्हीच मला सांगितलं होतं."

"हो. पण वाढतंय."

"धूळ बसली असेल. पंचवीसला उघडू, साफ करू. पाच दिवस राहिलेत." मग त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "शिरगुप्पे मॅडम, काय झालं? बरं नाही का?"

मी त्यांना रजिस्टरचं सांगितलं. सगळं. ते हसले नाहीत, याचं मला आजही आश्चर्य वाटतं. थोडा वेळ पेन फिरवत बसले.

"सिडाम मी यायच्या आधीपासून होता," ते म्हणाले. "त्याचा कान फार चांगला. पण कोऱ्या पानावरून भट्टी थांबवली असं मी वर लिहू शकत नाही. तुम्ही माझ्या जागी असता तर लिहिलं असतं?"

मी नाही म्हणाले. ते बरोबरच बोलत होते.

त्या काळात मला फुटलेल्या मोठ्या चाकांचे फोटो माहीत होते. आमच्या प्रशिक्षणात दाखवायचे. कवच फाडून बाहेर आलेलं पातं, भिंतीला पडलेलं भगदाड. फोटोत माणसं नसायची. ती आधी हलवलेली असायची.

एकवीसला सकाळी आठ वाजता सहा पॉइंट दोन.

शेडच्या खालच्या बाजूला त्या आठवड्यात कंत्राटदाराची सहा माणसं काम करत होती. हवेच्या नळावर उष्णता अडवणारा कापूस गुंडाळायचं काम. दुपारी ती तिथेच, फॅनच्या कवचाला लागून असलेल्या सावलीत डबे उघडून बसायची. मी त्यांना दुसरीकडे बसा म्हणून सांगितलं. म्हणाले, "बाकी कोठी सावली हाय, बाई?" आणि हसले.

दोन वाजता वासुदेवची पाळी सुरू झाली. त्याने अंघोळ करून कपाळाला गंध लावलं होतं.

"आज तुम्ही इथं थांबू नका," मी त्याला म्हणाले.

"माही ड्यूटी हाय."

"माझ्यावर सोडा. भट्टीजवळच्या टॉवरवर जा. चौथ्या मजल्यावर, तुमचा तो मित्र असतो ना, त्याच्याकडे. काहीही झालं तरी पाच वाजेपर्यंत खाली येऊ नका. तुमच्या पोरीची शपथ आहे."

शपथ घालणारी बाई मी नव्हे. माझ्या तोंडून ते कसं निघालं कोण जाणे. वासुदेव जिन्यापर्यंत गेला, वळला, "तुमी?" असं विचारलं. मी हात हलवला. तो गेला.

अडीच वाजता मी कंट्रोल रूमच्या मागच्या खोलीत जाऊन लॅपटॉप उघडला. फॅन आपोआप बंद होण्याची मर्यादा बदलण्याचा पासवर्ड दोघांकडेच होता, माझ्याकडे आणि पुण्याच्या माझ्या साहेबांकडे. अकराच्या जागी मी सहा पॉइंट पाच लिहिलं. मग बसून राहिले. पडद्यावर आकडा सहा पॉइंट तीन, सहा पॉइंट चार, पुन्हा सहा पॉइंट तीन. सतरा मिनिटं मी त्या आकड्याकडे पाहत होते. दोन वाजून सत्तेचाळीस मिनिटांनी तो क्षणभर सहा पॉइंट पाच झाला आणि फॅन बंद पडला.

मी आधी मर्यादा पुन्हा अकरा केली. ते मला स्पष्ट आठवतं. भोंगा वाजत होता, शेजारच्या खोलीत लोक ओरडत होते, आणि मी शांतपणे अकरा लिहून, पुन्हा वाचून, मग लॅपटॉप मिटला.

चाक थांबायला अर्धा तास लागला. मी खाली उभी राहून तो आवाज उतरताना ऐकला. फुटलं नाही. ती सहा माणसं डबे गोळा करून उठली, काय झालं म्हणून विचारू लागली. मला रडू येत होतं, इतकं हलकं वाटत होतं. साडेतीनला फिटरने कवचाचं दार उघडलं. मी आणि तो बॅटरी घेऊन आत वाकलो. पात्यांवर राखाडी धुळीचा थर होता, एका बाजूला बोटभर जास्त. फिटरने हातोडीने एकेक पातं वाजवलं. सगळी सारखी वाजली. त्याने फट दाखवणारं लाल औषध लावून, पुसून, पुन्हा पाहिलं. एकही फट नव्हती.

"धूळ हाय नुसती," तो म्हणाला. "पंचवीसपर्यंत चालला असता."

फॅन थांबला की वरच्या टॉवरमध्ये काय होतं, हे मला पुस्तकातून माहीत होतं. तिथे मोठमोठ्या नरसाळ्यांतून सिमेंटची कच्ची भुकटी खाली येत असते, आठशे अंश गरम. हवेने ती तरंगत राहते. हवा थांबली की ती बसते, नरसाळ्याचं तोंड बुजतं. मग माणसं भोकाचं झाकण उघडून लांब सळया आत घालतात आणि ती मोकळी करतात. त्या दिवशी चौथ्या मजल्यावर माणसं कमी होती. वासुदेव तिथे होता. तिथले लोक त्याला म्हणाले, जरा सळई धर.

चार वाजून दहा मिनिटांनी टॉवरवरून पांढरा ढग खाली उतरला. आवाज झाला नाही. निदान मी ऐकला नाही. पीठ सांडावं तसं काहीतरी हळूहळू चौथ्या मजल्यावरून खाली येत होतं आणि त्यातून एक माणूस जिना उतरत होता. दोन्ही हात पुढे धरलेले, अंग पूर्ण पांढरं, डोळे उघडे. ओरडत नव्हता. एकेक पायरी मोजल्यासारखा उतरत होता. तो वासुदेव आहे हे मला त्याच्या चालण्यावरून कळलं. लोक त्याच्याकडे धावले आणि जवळ जाऊन थबकले, कारण त्याला हात लावता येत नव्हता.

माझ्यापाशी येऊन तो थांबला. "फुटला का?" त्याने विचारलं.

तेवढ्यात ओल्या चादरी आल्या.

त्याला नागपूरला नेलं. चौकशी झाली. कंपन वाढल्याने फॅन यंत्रणेने बंद केला. नरसाळं मोकळं करताना संरक्षक कपडे घातले नव्हते. असं लिहिलं गेलं. यंत्रणेने कोणत्या आकड्यावर बंद केला हे कोणी विचारलं नाही. तेलंग साहेबांनी माझ्याकडे एकदा बराच वेळ पाहिलं, मग कागदावर सही केली. पुण्याहून मला अभिनंदनाचं पत्र आलं.

सव्वीसला मी एकटी खैरगुड्याला गेले. लिंगाजी सिडाम अंगणात खाटेवर बसला होता. काळा, वाळका म्हातारा, कानांच्या पाळ्या लांब. त्याला वासुदेवचं कळलं होतं. मी रजिस्टर त्याच्या मांडीवर ठेवलं.

"बाबा, हे तुम्ही आधीच कसं लिहिलंत?"

"तीस वर्सं पाह्यलं, बाई. घरचं माणूस कवा खोकलते ते नाई समजत का? साफ केला का पन्नास दिवस चालते, मंग जड होते. दरसाली तसंच." त्याने पान हाताने चाचपलं. "वासुदेव नवा होता. चुकला असता तं बोलणी खाल्ली असती लेकरानं. म्हणलं दोन मयने आधार होईन त्याले."

"आणि एकवीस तारखेला का थांबलात? दुसरी पाळी का नाही लिहिली?"

तो विचार करू लागला. मग त्याचा चेहरा उजळला.

"हो. मले बोलवाले आले ना! निरोपाचा कार्यक्रम होता. शाल, नारळ. साहेब वाट पाहून रायले म्हणे. पेन तसाच खिशात टाकला अन् गेलो. आल्यावर हापिसले कुलूप लागलं होतं."

"एवढंच?"

"एवढंच. काऊन?"

मी त्याच्याकडे पाहत राहिले. नंतर मला आठवलं म्हणून मी चौदा मेचं पान काढून दिलं. वादळाचा दिवस. 'बंद' या शब्दावर बोट ठेवलं.

"आणि हे?"

त्याने पान डोळ्यांजवळ नेलं. लांब धरलं. पुन्हा जवळ आणलं. मग त्याने विचारलं, "त्या दिशी बंद होता का?"

"होता. वादळाने वीज गेली."

"अक्षर माह्यंच हाय," तो सावकाश म्हणाला. "पण हे म्या लिहिलं नाई, बाई." त्याने रजिस्टर मिटलं आणि माझ्याकडे न देता खाटेखाली जमिनीवर ठेवून पायाने दूर सरकवलं. "हे घेऊन जा. घरात नोको."

जूनच्या पहिल्या आठवड्यात मी नागपूरच्या दवाखान्यात गेले. वासुदेवच्या बायकोने मला स्टूल दिलं आणि ती मुलीला घेऊन बाहेर गेली. त्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत पांढऱ्या पट्ट्यांत होते, चेहऱ्याची एक बाजू झाकलेली. उरलेल्या अर्ध्या तोंडाने तो हसला.

मी सगळं सांगायला गेले होते. मर्यादा मी बदलली, फॅनला काही झालं नव्हतं, म्हातारा नारळ घ्यायला उठला म्हणून पान कोरं होतं, आणि तुम्हाला वर मी पाठवलं. गाडीत बसून मी वाक्यं पाठ केली होती.

"मॅडम," तो म्हणाला, "कोणी मले खरं सांगून नाई रायलं. तुमी सांगा. फट होती ना?"

बाहेर त्याची मुलगी काहीतरी बोलत होती, दारातून ऐकू येत होतं.

"होती," मी म्हणाले.

"केवढी?"

मी बोटाने दाखवली. बोटभर. "मुळापाशी होती. अजून तासभर चालला असता तर फुटला असता."

त्याने डोळे मिटले. "खाली सहा माणसं होती," तो म्हणाला. "सहाही जेवून रायली होती." आणि मग, जरा वेळाने, समाधानाने: "बाबानं बरोबर लिहिलं."

तो कारखान्यात परत गेला नाही. हात तेवढे कामाचे उरले नव्हते. गावात त्याने किराण्याचं दुकान टाकलं, बायको मापं करायची, तो गल्ल्यावर बसायचा. फट नव्हती असं त्याला कारखान्यातल्या लोकांनी सांगितलं असणारच. पण कंपनीची माणसं दडवतात, खरं मले मॅडमनं सांगतलं, असं तो म्हणायचा, हे मला दरवर्षीच्या फोनमध्ये कळायचं. मी ती नोकरी दोन वर्षांनी सोडली. आता कोल्हापुरात शिकवते.

गेल्या वर्षी त्याच्या मुलीचं लग्न झालं. अठरा वर्षांनी मी पुन्हा तिकडे गेले. मांडवात त्याने मला पुढच्या खुर्चीवर बसवलं आणि जावयाला बोलावून सांगितलं, या त्या मॅडम. मी काही बोलणार तोच तो गर्दीत शिरला आणि एका म्हाताऱ्याला दंडाने धरून घेऊन आला. पांढरं धोतर, टोपी, तोंडात दात नाहीत.

"वळखलं का, मॅडम? त्या सहातले हे. बाकीचे दोघं गेले, तिघं तेलंगणात हायेत. हे मुद्दाम आले, तुमाले पाहाले."

म्हातारा खाली वाकला आणि त्याने माझ्या पायांवर डोकं ठेवलं. मांडवातले सगळे बघत होते. वासुदेव शेजारी उभा होता, आखडलेले हात पोटाशी धरून, मान ताठ.

मी म्हाताऱ्याला पाया पडू दिलं.